रियाधची मजलिस, दिल्लीची लोकसभा आणि आम्ही

सुट्टीवर भारतात गेलो की नातेवाईक आम्हाला ठरलेले चार प्रश्न विचारतात. तिकडे फार गरम असतं का? भाजीपाला मिळतो का? सोनं स्वस्त आहे का? आणि चौथा प्रश्न कुणीतरी काका चहाची बशी खाली ठेवत विचारतात, "काय रे, तिकडे पार्लमेंट वगैरे आहे की नाही? की सगळा राजाचाच कारभार?" पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं आमच्या तोंडपाठ आहेत. चौथ्याला मात्र "राजाच आहे, काका," एवढं म्हणून आम्ही बरीच वर्षं वेळ मारून नेली. रियाधला येऊन आम्हाला एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत निदान या एका प्रश्नाचं धड उत्तर द्यावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

पार्लमेंट आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. तिचं नाव 'मजलिस अश्-शूरा', म्हणजे सल्लामसलतीची सभा. रियाधच्या पश्चिम भागात, आपला भारतीय दूतावास जिथे आहे त्या डिप्लोमॅटिक क्वार्टरच्या जवळ, अल्-यमामा नावाचा राजवाडा आहे. मजलिस तिथे भरते. पासपोर्टाचं नूतनीकरण करायला दूतावासात जायचं म्हटलं की आमची गाडी त्याच बाजूने जाते. लांबच लांब भिंत, खजुराच्या झाडांची रांग, पहारेकरी आणि वर हिरवा झेंडा. आम्ही आलो त्या काळात सरकारी इमारतींचे फोटो काढायला सक्त मनाई होती. ती सवय अजून हाडात मुरलेली आहे. त्यामुळे या लेखाबरोबर फोटो नाही, संपादकांनी सांभाळून घ्यावं.

'मजलिस' हा शब्द काही आपल्याला परका नाही. गाण्याची मजलस आपल्याकडे पूर्वीपासून भरते. इथे मात्र प्रत्येक घरातल्या बैठकीच्या खोलीला मजलिस म्हणतात. भिंतीलगत गाद्या, लोड, मधे गालिचा. पाहुणा आला की वेलदोड्याची फिकी कॉफी आणि खजूर. कॉफीचा पेला एवढासा, कान नसलेला. पुरे झालं की तो किंचित हलवून परत द्यायचा, नाहीतर वाढणारा ओततच राहतो. पहिल्या वर्षी आम्हाला हे ठाऊक नव्हतं. कंपनीतल्या एका सौदी साहेबांच्या घरी आम्ही अकरा पेले प्यायलो आणि रात्रभर जागे राहिलो.

अरबी ऐकता ऐकता आपलं मराठी किती ठिकाणी भेटतं! मसलत, खलबत, अर्ज, हुकूम, वकील, तक्रार हे सगळे शब्द इथूनच निघून फारसीच्या वाटेने आपल्या दफ्तरांत येऊन बसले. अर्थ मात्र प्रवासात बदलले. इथे उपमंत्र्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला 'वकील' म्हणतात. आणि 'तक्रार' म्हणजे अरबीत नुसतं 'पुन्हा पुन्हा करणे'. आमच्या सौ.चं म्हणणं असं की हा अर्थ बदललेलाच नाही.

पण आम्हाला खरा धक्का दिला तो 'निजाम' या शब्दाने. इथे कायद्याला निजाम म्हणतात. वाहतुकीचा निजाम, नोकरीचा निजाम, मजलिसचा निजाम. आम्ही मूळचे परभणीचे. आमच्या घरी निजाम या शब्दाला एकच अर्थ होता आणि तो १७ सप्टेंबर १९४८ ला संपला. आजोबांचं अर्धं तरुणपण निजामाच्या राज्यात गेलं. राज्य कोण करतं हे त्यांना विचारायची सोयच नव्हती. पुढे १९५२ ची पहिली निवडणूक आली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. बोटाला शाई लावून आजोबा घरी आले आणि ती शाई जाईपर्यंत डाव्या हाताने काही धरेनात, असं आजी सांगायची. या घरातले आम्ही येऊन राहिलो ते पुन्हा एका राज्यात. मजलिसकडे आम्ही जरा जास्तच निरखून पाहतो, त्याचं कारण हे.

आता थोडी माहिती, म्हणजे काकांचं समाधान होईल. राजे अब्दुलअझीझ यांनी १९२० च्या दशकात मक्केत एक सल्लागार सभा नेमली होती. १९५३ साली मंत्रिमंडळ आलं आणि ती सभा हळूहळू मागे पडली. मार्च १९९२ मध्ये राजे फहद यांनी राज्याचा मूलभूत निजाम आणि शूरेचा निजाम जाहीर केला. १९९३ च्या अखेरीस नवी मजलिस सुरू झाली तेव्हा सभासद होते ६०. पुढच्या प्रत्येक मुदतीला तीस-तीस वाढत गेले, १९९७ ला ९०, २००१ ला १२० आणि २००५ ला १५०. मुदत चार हिजरी वर्षांची. सभासद निवडून येत नाहीत, राजे नेमतात. वय किमान तीस पाहिजे. प्रत्येक नव्या मुदतीला किमान अर्धे चेहरे नवे असावे लागतात. डॉक्टरेटवाल्यांचा भरणा भरपूर. आपल्या लोकसभेत शेतकरी, वकील, नट, साखर कारखानदार असे सगळे दिसतात. इथे मात्र एखाद्या विद्यापीठाची कौन्सिल बसली आहे असंच वाटतं.

काम कसं चालतं? मंत्रालयांचे वार्षिक अहवाल मजलिससमोर येतात. विषयवार समित्या ते तपासतात, शिफारशी मांडतात. सभासद बोलतात, नंतर बटण दाबून मतदान होतं. ठराव राजांकडे जातो. मजलिस आणि मंत्रिमंडळ यांचं मत एक असेल तर राजांच्या संमतीने निर्णय निघतो. मत वेगळं पडलं तर विषय पुन्हा मजलिसकडे येतो, आणि शेवटी राजे ठरवतात. म्हणजे सल्ला द्यायचा अधिकार आहे, सरकार पाडायचा नाही. आमचं एमएस अमेरिकेत झालं. तिथे कुणाही नागरिकाने आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहावं आणि त्याने उत्तर द्यावं, याचं आम्हाला फार अप्रूप वाटायचं. इथे प्रतिनिधी तसा नाही. पण जुनी अरबी रीत मूलभूत निजामाच्या ४३ व्या कलमात लिहून ठेवलेली आहे. राजे आणि युवराज यांची मजलिस नागरिकांना, तसंच ज्याची काही फिर्याद असेल त्याला, खुली राहील असं ते कलम म्हणतं.

या मजलिसचा एक दिवस आमच्या चांगला लक्षात राहिला आहे. १ मार्च २०१०, सोमवार. पंतप्रधान मनमोहनसिंग रियाधला आले होते. नेहरू इथे १९५६ साली आले होते, इंदिराबाई १९८२ साली, आणि त्यानंतर तब्बल २८ वर्षं भारताच्या एकाही पंतप्रधानाचं पाऊल इथे पडलं नव्हतं. त्याआधी २००६ च्या प्रजासत्ताक दिनाला राजे अब्दुल्ला दिल्लीला प्रमुख पाहुणे होते, त्याची ही परतभेट. तेव्हा या देशात सुमारे १८ लाख भारतीय होते. रस्त्यावर हिरव्या झेंड्याशेजारी तिरंगा फडकताना पाहून आमच्या कंपनीच्या केरळी ड्रायव्हरने गाडी मुद्दाम सावकाश नेली. मागचे हॉर्न वाजवू लागले, पण तो काही हलेना. "साब, रोज थोडे ही दिखेगा," म्हणाला.

दौऱ्यात २८ फेब्रुवारीला 'रियाध जाहीरनामा' झाला, गुन्हेगारांच्या प्रत्यार्पणाचा करार झाला, शिक्षा झालेल्या कैद्यांना मायदेशी पाठवण्याचा करार झाला. हा शेवटचा करार दिल्लीच्या वर्तमानपत्रांत फारसा गाजला नाही. पण आमच्या ओळखीच्या कामगारांत त्याचीच चर्चा जास्त होती. तुरुंगात कुणाचा ना कुणाचा गाववाला होताच. गाजला तो मात्र एक शब्द. परराष्ट्र राज्यमंत्री शशी थरूर यांनी सौदी अरेबियाबद्दल बोलताना 'इंटरलोक्युटर' असा शब्द वापरला. त्याचा अर्थ ज्याच्याशी बोलता येईल असा. भारतातल्या वाहिन्यांनी त्याचा भारत-पाकिस्तानमधला 'मध्यस्थ' करून टाकला आणि दोन दिवस गोंधळ चालला. सल्लामसलतीच्या सभेला भेट द्यायला आलेल्या मंडळींची एका शब्दाने केलेली ही फजिती!

१ मार्चला पंतप्रधानांनी मजलिसपुढे भाषण केलं. संध्याकाळी बातम्यांत ते दाखवणार म्हणून आम्ही सगळे टी.व्ही.समोर बसलो. आई तेव्हा परभणीहून आमच्याकडे आली होती. लेक सहा वर्षांची. पडद्यावर अर्धवर्तुळाकार सभागृह दिसलं. पांढरे थोब, डोक्यावर शेमाघ, खांद्यावरून काळे-तपकिरी बिश्त घेतलेले सभासद ओळीने बसलेले, आणि व्यासपीठावर आपली ती निळी पगडी. आई हात जोडून म्हणाली, "आपलं माणूस." आम्ही आवाज वाढवला, तर वरून अरबी भाषांतर! मनमोहनसिंगांचा आवाज मुळातच हळू, तो त्या अरबीखाली पार बुडून गेला. लेकीने विचारलं, "बाबा, हे आपले पंतप्रधान आहेत तर अरबीत का बोलताहेत?"

शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या अबू अहमदना बोलावून आणलं. ते सुदानी डॉक्टर, स्वभावाने गप्पिष्ट. ते अरबी ऐकून आम्हाला इंग्रजीत सांगत, आम्ही आईला मराठीत. इंग्रजीत केलेलं भाषण अरबीत गेलं, तिथून परत इंग्रजीत आलं आणि मग परभणीच्या मराठीत पोचलं. तेवढ्या प्रवासात जे उरलं ते असं. दोन देशांचं नातं केवळ तेल विकणारा आणि विकत घेणारा एवढंच नसावं. दहशतवाद दोघांचाही शत्रू आहे. पाकिस्तानने सहकार्य केलं तर भारत चार पावलं पुढे यायला तयार आहे. भाषण संपल्यावर अबू अहमद म्हणाले, "या मुहंदिस, (म्हणजे अहो इंजिनिअर), तुमचा पंतप्रधान प्राध्यापकासारखा बोलतो. या माणसाला तुम्ही निवडून दिलंत?" खरं सांगायचं तर मनमोहनसिंग राज्यसभेचे सभासद होते. पण तो सगळा तपशील अबू अहमदना समजावत बसण्यापेक्षा "हो" म्हणणं सोपं होतं. "हो" म्हटलं खरं, पण लगेच आठवलं की २००४ आणि २००९, दोन्ही निवडणुकांत आम्ही मत दिलेलंच नाही. एकदा अमेरिकेत होतो, एकदा इथे.

आईच्या ते लक्षात आलं असावं. रात्री जेवताना म्हणाली, "तुझे आजोबा म्हणायचे, शाई लागली की माणूस मोजला जातो." पुढे काही बोलली नाही.

त्या दिवशी पडद्यावरच्या सभागृहात एकही स्त्री सभासद नव्हती. २५ सप्टेंबर २०११ रोजी राजे अब्दुल्लांनी याच मजलिसपुढे भाषण करून सांगितलं की पुढच्या मुदतीपासून स्त्रिया मजलिसच्या सभासद होतील आणि पालिकांच्या निवडणुकीत मतही देतील, उभ्याही राहतील. जानेवारी २०१३ मध्ये ३० स्त्रियांची नेमणूक झाली, म्हणजे दीडशेत वीस टक्के. सौ.ने ती बातमी कापून फ्रीजवर चिकटवली. आम्ही म्हटलं, "नेमलेल्या आहेत, निवडून आलेल्या नाहीत." तर ती म्हणाली, "मान्य. पण आपल्याकडच्या निवडून आलेल्या किती ते मोजा." हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या, म्हणजे चौदा टक्क्यांहूनही कमी. एक तृतीयांश जागांचं विधेयक सप्टेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण ती निवडणूक त्याच्याशिवायच पार पडली. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, असं म्हणून आम्ही माघार घेतो.

ऑक्टोबर २०१३ मध्ये वाहतूक मंत्रालयाचा अहवाल मजलिसपुढे आला. तेव्हा लतीफा अश्-शालान, हया अल्-मनी आणि मुना आल मुशीत या तीन सभासद बाईंनी शिफारस मांडली की स्त्रियांना गाडी चालवण्याचा हक्क मान्य करावा. चर्चेच्या विषयात हे बसत नाही, असं म्हणून ती शिफारस बाजूला ठेवली गेली. परवानगीचा हुकूम निघाला सप्टेंबर २०१७ मध्ये आणि २४ जून २०१८ पासून बायका गाडी चालवू लागल्या. तो हुकूम राजांचा, पण सभेच्या इतिवृत्तात तो विषय आधी कुणीतरी नोंदवून ठेवला होता. परभणीत कॉलेजला लुना उडवत जाणाऱ्या आमच्या सौ.ने बारा वर्षं मागच्या सीटवर बसून काढली. आता ती रियाधच्या रिंग रोडवर गाडी चालवते आणि आम्ही शेजारी बसून नुसतेच पाय दाबतो.

दिल्लीची लोकसभाही आम्ही पाहिली आहे. २०१५ च्या उन्हाळी सुट्टीत एका खासदारांच्या चिठ्ठीवर प्रेक्षक गॅलरीचे पास मिळाले. लेक तेव्हा अकरा वर्षांची होती, त्यामुळे तिलाही आत सोडलं. पावसाळी अधिवेशनाचा पहिलाच आठवडा होता. फोन, पाकीट, पेन सगळं बाहेर ठेवून, तीन ठिकाणी तपासणी होऊन आम्ही त्या जुन्या गोल इमारतीत वर जाऊन बसलो. हात बांधून सरळ बसायचं, पुढे वाकायचं नाही, बोलायचं नाही. खाली हिरवा गालिचा. आम्हाला अगदी भरून आलं. अध्यक्षांच्या खुर्चीवर चिपळूणला जन्मलेल्या, इंदूरच्या सुमित्रा महाजन. पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर, पुढे शिवराज पाटील, मनोहर जोशी आणि आता सुमित्राताई. या खुर्चीत मराठी माणूस बरेचदा बसलेला आहे, हे लेकीला घरूनच सांगून आणलं होतं.

आणि मग जे काही सुरू झालं! प्रश्नोत्तराचा तास पुकारताच विरोधी बाकांवरची मंडळी फलक घेऊन मधल्या मोकळ्या जागेत उतरली. घोषणा. सुमित्राताई "बैठ जाइए, बैठ जाइए" म्हणताहेत, कुणी बसत नाही. एक मंत्री उत्तर वाचत होते, ते फक्त त्यांनाच ऐकू येत असावं. थोड्याच वेळात सभागृह तहकूब. आमच्या आयुष्यातलं लोकसभेचं दर्शन एवढ्यात संपलं. पायऱ्या उतरताना लेक म्हणाली, "आमच्या टीचरनी असं करणाऱ्यांना वर्गाबाहेर काढलं असतं." मुलीचं भाकीत खरं ठरलं. ३ ऑगस्टला सुमित्राताईंनी काँग्रेसच्या २५ खासदारांना पाच दिवसांसाठी निलंबित केलं.

रियाधला परतल्यावर अबू अहमदना हा किस्सा आम्ही हसत हसत सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे ओरडलं तरी रात्री सगळे आपापल्या घरी झोपायला गेले ना?" आम्ही "हो" म्हटलं. त्यांच्या देशाचा इतिहास आठवून आम्हीही गप्प झालो. तेव्हापासून तो किस्सा आम्ही जरा वेगळ्या सुरात सांगतो.

आमच्यावर खरी वेळ आली ती २०१७ साली. वर्षाच्या सुरुवातीला बातमी आली की परदेशी कामगार मायदेशी जे पैसे पाठवतात त्यांवर कर लावावा असा एक प्रस्ताव मजलिसपुढे आहे. पहिल्या वर्षी सहा टक्के, मग उतरत उतरत पाचव्या वर्षी दोन टक्के. दोन हजार रियाल घरी पाठवणाऱ्याला पहिल्या वर्षी १२० रियालचा फटका. बथाच्या बाजारात, कंपनीच्या कँटीनमध्ये, मंडळाच्या हळदीकुंकवाला, दुसरा विषय नव्हता. आमच्या गावाकडचा एक प्लंबर येऊन म्हणाला, "साहेब, तुम्ही शिकलेले. त्या सभेला एक अर्ज लिहून द्या की." काय लिहायचं आणि कुणाच्या नावाने? जानेवारीतच अर्थमंत्रालयाने जाहीर केलं की असा कर लावण्याचा विचार नाही, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण त्याच वर्षी १ जुलैपासून कुटुंबीयांवरची फी सुरू झाली. बरोबर राहणाऱ्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल, पुढच्या वर्षी २००, मग ३००, आणि २०२० मध्ये ४००. आम्ही तिघं, म्हणजे दोघींचे मिळून वर्षाला ९६०० रियाल, आणि तेही इकाम्याच्या नूतनीकरणाला एकरकमी. आम्हाला परवडलं. ज्यांना तीन मुलं आणि पगार बेताचा त्यांना नाही परवडलं. दोन-तीन वर्षांत आमच्या ओळखीतली कितीतरी घरं रिकामी झाली. बायका-मुलं नांदेडला, साताऱ्याला, पनवेलला परत. नवरे चौघांत एक खोली घेऊन राहू लागले. पूर्वी दिवाळीच्या फराळाला आमच्या हॉलमध्ये बसायला जागा नसायची. २०१९ ला अनारशांचा अर्धा डबा उरला. तो उरलेला डबा पाहून आमच्या सौ.च्या डोळ्यांत पाणी आलं.

इथे एक स्पष्ट सांगायला हवं. हा देश त्यांचा आहे, तेल त्यांचं आहे, तिजोरीचा हिशेबही त्यांचाच. आम्ही पाहुणे म्हणून आलो आणि पाहुण्याने यजमानाचा खर्च काढू नये. मिळालं तेही पुष्कळ मिळालं. मे २०१९ मध्ये मजलिसने कफीलाशिवाय राहू देणाऱ्या विशेष इकाम्याचा निजाम मंजूर केला, तोही एकमताने नव्हे, विरोधी मतं नोंदवून. कायमचा हवा तर आठ लाख रियाल, वर्षाचा हवा तर एक लाख. आम्ही ती बातमी वाचली, दोनदा शून्यं मोजली आणि पेपर घडी करून ठेवला.

पण लेकीने त्या फीच्या दिवसांत विचारलेला प्रश्न आमचा पिच्छा सोडेना. ती आठवीत होती, इंडियन स्कूलमध्ये नागरिकशास्त्रात खासदारांचं काम शिकत होती. म्हणाली, "इथल्या मजलिसमध्ये आपलं कुणी नाही. ठीक आहे. मग परभणीच्या खासदाराला सांगा ना." सौ. म्हणाली, "त्यांना आपण मत कुठे देतो?" लेक म्हणाली, "मग तुम्ही कुठलेच नाही का?"

खरं तर मत देता येत होतं. २०१० साली कायदा बदलला आणि २०११ पासून परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला आपल्या गावच्या यादीत नाव घालता येतं. अट एकच, मतदानाला स्वतः तिथे हजर राहायचं. परदेशातून मुखत्यारामार्फत मत देता यावं असं विधेयक लोकसभेने ९ ऑगस्ट २०१८ रोजी मंजूर केलं. त्या दिवशी आम्ही पेढे आणले. पण राज्यसभेत ते मंजूर झालंच नाही आणि २०१९ ला लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. आम्ही आळशी लोक. 'कधीतरी घरबसल्या होईल' म्हणत बसलो होतो.

शेवटी २०२३ मध्ये फॉर्म ६-ए भरला. परभणीचं मतदान २६ एप्रिल २०२४ ला होतं. रमजान ईदची सुट्टी त्याआधीच संपलेली. साहेबांकडे रजा मागायला गेलो. कारण विचारल्यावर खरं तेच सांगितलं. ते क्षणभर पाहत राहिले आणि म्हणाले, "एका मतासाठी?" मग सही केली. मुंबईला उतरून देवगिरीने रात्रभर प्रवास करून परभणी गाठली. पुण्यात शिकणारी लेक आधीच पोचली होती. तिचं पहिलंच मत, आणि आमचं कित्येक वर्षांनंतरचं.

झेडपीच्या शाळेत केंद्र. ऊन मी म्हणत होतं. यादीच्या अगदी शेवटी प्रवासी मतदारांचा वेगळा भाग असतो. तिथल्या अधिकाऱ्यांनी तो बहुधा कधी उघडलाच नव्हता. पासपोर्ट पाहून ते म्हणाले, "सौदीहून आलात? फक्त यासाठी?" मागून कुणीतरी बोललं, "आम्हाला गल्लीतून यायचं जिवावर येतं राव." त्या निवडणुकीत देशभरात सुमारे एक लाख वीस हजार परदेशस्थ मतदार नोंदलेले होते. प्रत्यक्ष मत द्यायला आले तीन हजारांहून कमी, त्यातलेही बहुतेक केरळचे. आमचा तो केरळी ड्रायव्हर गेला असेल की काय, असं मनात आलं. घरी आल्यावर आईने तिघांचीही बोटं हातात घेऊन पाहिली. आजोबांच्या फोटोसमोर दिवा लावला. बोलली काहीच नाही.

परत येताना रियाधच्या विमानतळावर पासपोर्ट तपासायला एक तरुण मुलगी बसली होती. आम्ही आलो तेव्हा त्या काचेमागे फक्त मिशा असायच्या. बोटांचे ठसे घ्यायला तिने डावा हात यंत्रावर ठेवायला सांगितला आणि तर्जनीवरची जांभळी शाई पाहून थबकली. "हे काय? लागलं का?" आम्ही मोडक्या अरबीत म्हटलं, "नाही. इंतिखाबात. हिंद." म्हणजे निवडणूक, भारतात. तिने पुन्हा विचारलं, "सौत?" आम्ही म्हटलं, "सौत." अरबीत मताला 'सौत' म्हणतात आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आवाज. तिने शिक्का मारला, हसून पासपोर्ट परत दिला आणि म्हणाली, "अहलन."

तर काका, तिकडे पार्लमेंट आहे का, याचं उत्तर हे असं लांबलचक आहे. आज इथे पंचवीस लाखांहून जास्त भारतीय राहतात. आमची मजलिस म्हणजे आमचा हॉल, आणि तिथे आम्ही महिन्यातून एकदा मंडळाच्या चार घरांना जेवायला बोलावून अमाप सल्लामसलत करतो. पुढच्या निवडणुकीची रजा मात्र आत्ताच टिपून ठेवली आहे. मंडळातल्या आणखी तीन घरांनी फॉर्म ६-ए नेला आहे. तुमच्यापैकी ज्यांचा पासपोर्ट अजून भारताचा आहे, त्यांनीही तो एकदा भरून पाहावा. बाकी भाजी मिळते, गरम फार असतं, आणि सोनं आता कुठेच स्वस्त नाही.